हालु, दूध आणि सार

बेळगावात राहून दुधाशी वाकडं घेणं सोपं नाही. आपल्या गावाची ओळखच मुळी कुंद्याची. दूध आटवून, खवा परतून केलेला तो खमंग तपकिरी गोळा परगावच्या पाहुण्याच्या हातात दिल्याशिवाय आपण त्याला गाडीत बसू देत नाही. इकडे बैलहोंगलपासून तिकडे चंदगडपर्यंत वीस-वीस मैलांवर बोली बदलते, रोट्टीची भाकरी होते, पण रात्री दुधात कुस्करून खाण्याची रीत काही बदलत नाही. अशा मुलखात एखाद्या घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचं दूध डॉक्टरांनी बंद केलं, तर त्या घरात काय होतं, ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

आमचं घर दोन भाषांचं. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मराठी. सासर बेळगावचं, कानडी. माझी मुलं माझ्या आईला आजी म्हणत आणि माझ्या सासूबाईंना अज्जी. मी त्यांना अत्ती म्हणते. अत्तींचं वय एक्क्याऐंशी. त्यांचं माहेर बैलहोंगलचं, घरात आठ म्हशी. लग्नानंतर इथेही परसात दोन म्हशी होत्या, त्या १९९८ साली विकल्या. तोपर्यंत दूध काढणं, रतीब घालणं, त्याचा हिशेब ठेवणं, विरजण, लोणी, तूप सगळं अत्तींच्या हाती. म्हशी गेल्या तरी दुधाचं खातं त्यांनी कुणाच्या हवाली केलं नाही. आजही पिशवी फोडली की त्या पातेल्यात डोकावून बघतात आणि ‘पाणी जास्त’ असा निकाल देतात.

गेल्या जुलैत त्यांना जुलाब-उलट्यांचा मोठा झटका आला. चार दिवस दवाखान्यात सलाईन लागलं. घरी आल्या, ताप गेला, पण पोट काही जाग्यावर येईना. सकाळी कपभर दूध घेतलं की तासाभरात पोट फुगे, गुडगुडे आणि पुन्हा जुलाब. दाताची कवळीही ढिली झाल्यानं भाकरी चावेना. महिन्याभरात वजन सेहेचाळीस किलोवरून एकोणचाळीसवर आलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. दुधात जी साखर असते तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं. मोठ्या आजारात आतड्याचं अस्तर खरवडल्यासारखं होतं आणि ते द्रव्य कमी पडतं. मग न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, म्हणून गॅस आणि जुलाब. अस्तर भरून आलं की बहुतेक वेळा दूध पुन्हा पचायला लागतं. तोवर सहा-आठ आठवडे दूध, खवा, साय, पेढे बंद. खायला मऊ, दाट, ताकदीचं द्यायचं. ‘घट्ट सूप द्या,’ म्हणाले.

ते पुढे असंही म्हणाले, की जगातल्या निम्म्याहून अधिक प्रौढ माणसांत हे पाचक द्रव्य वयाबरोबर कमी होत जातंच, त्यात विशेष काही नाही. पण अत्तींना ते विशेष वाटलं. घरी आल्यावर त्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून निजल्या आणि एवढंच बोलल्या, ‘हालु बिट्र मत्त एन उळीतु?’ दूध सोडलं तर मग उरलं काय!

आता सूप म्हणजे आपल्या घरात काय असतं? टोमॅटोचं पातळसर, वर क्रीम घातलेलं, लग्नाच्या पंक्तीत उभ्यानं प्यायचं. पुस्तकांत बघावं तर पालक सूप, मक्याचं सूप, भोपळ्याचं सूप, सगळ्यांत शेवटी एक कप दूध किंवा पाव कप साय. दूध वगळलं तर राहतं भाजीचं पाणी. त्यानं पोट भरत नाही आणि वजन तर मुळीच वाढत नाही.

म्हणून मी आधी हे समजून घेतलं, की साय सूपमध्ये नेमकं करते काय. साय म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे अगदी बारीक थेंब. ते जिभेवर पसरतात आणि आपल्याला ‘मऊ’, ‘दाट’ वाटतं. हे काम करायला म्हैसच पाहिजे असं नाही. शेंगदाणा, काजू, तीळ, नारळ, खसखस यांच्यातही स्निग्ध असंच बारीक थेंबांनी साठवलेलं असतं. पाणी घालून वाटलं की ते थेंब पाण्यात उतरतात आणि पांढरं, दुधासारखं दिसणारं द्रव्य तयार होतं.

पुण्याहून लेकीचा फोन आला. ती म्हणाली, ‘आई, अज्जीला सांगूच नकोस. दूध घातलंय म्हणून दे. पिऊन टाकेल.’ तिचा हेतू चांगला होता. पण मला ते पटलं नाही. जिनं साठ वर्षं या घराचं दूध मापलं, रुपयाला किती पाणी ते नुसतं बोट बुडवून सांगितलं, तिला आजारी पडली म्हणून फसवायचं? आणि चव ओळखली असती तर मग माझ्या हातचं पाणीसुद्धा त्यांनी संशयानं प्यायलं असतं. आजारी माणसाचा आपल्यावर विश्वास असतो, तेवढ्यावरच तर त्याचं जेवण चालतं.

तेव्हा पहिल्या दिवशी वाटी घेऊन गेले आणि सरळ सांगितलं. लाल भोपळ्याचं सूप होतं, त्यात दाण्याचं दूध. त्यांनी चमचा ओठाला लावला, खाली ठेवला. ‘इदु हालल्ल.’ हे दूध नव्हे. मी म्हटलं, ‘अल्ल अत्ती. इदु शेंगा हालु.’ त्या म्हणाल्या, जिला वासरू नाही तिचं दूध कसलं? दाण्याला कधी पान्हा फुटतो का? तीन चमचे घेतले आणि वाटी परत दिली.

गंमत म्हणजे अत्तींचं म्हणणं कायद्यालाही मान्य आहे. २०२१ साली देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सोया, बदाम, ओट्स यांपासून केलेल्या पेयांच्या वेष्टनावर ‘दूध’ हा शब्द वापरायला हरकत घेतली. म्हणून हल्ली दुकानातल्या खोक्यांवर ‘सोया पेय’, ‘ओट पेय’ अशा अर्थाचं लिहिलेलं दिसतं. हे मी अत्तींना सांगितलं तेव्हा आजारपणात पहिल्यांदा त्या हसल्या. सरकारलाही कळलं म्हणायचं!

आमचे हे निवृत्त शिक्षक, इतिहासाचे. त्यांनी त्या रात्री आईच्या पायाशी बसून गांधीजींची गोष्ट काढली. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. १९१८ साली ते पोटाच्याच विकारानं, आमांशानं, इतके खंगले की जगतात की नाही अशी वेळ आली. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली, की शपथ घेतली ती गाई-म्हशीच्या दुधाची, शेळीचं चालेल. गांधीजींनी ते घेतलं, पण मनाला ती टोचणी कायम राहिली. दुधाची जागा घेईल असं वनस्पतीतलं काही सापडावं ही त्यांची इच्छा होती, ते काही त्यांना सापडलं नाही. तेच गांधीजी डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावात काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आले. ते अधिवेशन पाहायला अत्तींचे वडील बैलहोंगलहून आले होते, हे अत्तींनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं आहे. ह्यांचं बोलणं संपल्यावर त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘महात्म्याचंसुद्धा दुधावाचून अडलं म्हण की.’

मला वाटतं, त्या रात्री त्यांच्या मनातली लाज गेली. दूध पचत नाही म्हणजे आपलं काहीतरी संपलं, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, ‘गसगसी आहे का घरात?’

गसगसी म्हणजे आपली खसखस. त्यांच्या माहेरी सणाला गसगसी पायसा व्हायचा. खसखस आणि थोडे तांदूळ भाजायचे, ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखे वाटायचे, गूळ घालून शिजवायचं. त्यात दुधाचा थेंब नसतो आणि तरी ते बासुंदीसारखं दाट लागतं. होळिगेवर घेतात ते काई हालु, म्हणजे नारळाचं दूध, त्यालाही वासरू नाहीच की! ही आठवण त्यांची त्यांनीच काढली. मग मीही माझ्या माहेरचं सांगितलं. एकादशीची दाण्याची आमटी म्हणजे काय? भाजलेले दाणे पाण्यात वाटून, जिरं-मिरची-आमसूल घालून उकळलेलं दाट सूपच ना? सोलकढी काय? तुमची एण्णगाई कशानं दाट होते? शेंगा, तीळ आणि गुरेळ्ळनंच, ज्याला मी कारळे म्हणते. आम्ही दोघी तासभर हेच बोलत होतो, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. शेवटी नावही त्यांनीच बदललं. सूप नको, सारु म्हण. मराठीत सार, कानडीत सारु. त्या नावानं वाटी रिकामी व्हायला लागली.

आता जे हाताला बसलं ते सांगते. तुमच्याही घरी कुणाला उपयोगी पडेल.

भोपळ्याचं सार आमच्याकडे सर्वांत जास्त होतं. अर्धी वाटी कच्चे शेंगदाणे चार-पाच तास भिजवायचे, सालं चोळून काढायची. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निर्दयपणे फेकून द्यायचे, त्यात विष धरलेलं असू शकतं. मग अडीच वाट्या पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटायचं. पाहुण्यांना द्यायचं असेल तर गाळा, आजाऱ्याला द्यायचं असेल तर गाळू नका, नाहीतर अर्धी ताकद फडक्यात राहते. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. हे दूध मंद आचेवर हलवत दहा मिनिटं उकळायचं म्हणजे कच्चा वास जातो. दोन वाट्या लाल भोपळा, आल्याचा तुकडा, चार मिरे कुकरमध्ये शिजवून घोटायचे, त्यात हे दूध मिसळायचं, मीठ आणि वरून जिऱ्याची फोडणी. फोडणी तुपाची चालते. तूप कढवताना दुधातली साखर बेरीत आणि ताकात मागे राहते, तुपात ती जवळजवळ नसतेच. हे कळल्यावर अत्तींचा चेहरा बघायला हवा होता. तूप चालतं म्हणजे निम्मं जग परत मिळालं!

टोमॅटोचं सार काजूचं करावं. दोन वाट्या सारासाठी दहा-बारा काजू कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वाटायचे. काजू गाळावा लागत नाही आणि त्यातल्या पिठूळपणामुळे सार आपोआप दाट होतं. टोमॅटोत सोयाचं दूध घालू नये. आंबटाशी गाठ पडली की ते फाटतं, कारण सोयाच्या दुधापासून पनीर करतात तेही असंच काही घालून फाडूनच. सोयाचं दूध मक्याच्या किंवा दुधीच्या सारात शोभतं. घरी करायचं तर भिजवलेला सोयाबीन उकळत्या पाण्यात वाटावा, म्हणजे तो उग्र कडधान्यी वास येत नाही, आणि नंतर ते दूध चांगलं उकळावंच. सोयाबीन कच्चा पचत नाही. विकतचं आणाल तर खोक्याची मागची बाजू वाचा. साखर आणि व्हॅनिला घातलेलं असेल तर लसणाच्या फोडणीखाली त्याचं काय होईल ते सांगायला नको.

नारळाचं दूध माझ्या गोव्याच्या जाऊबाईंच्या पद्धतीनं वापरते. पहिलं दाट दूध बाजूला, दुसरं पातळ दूध वेगळं. भाजी पातळ दुधात शिजवायची आणि दाट दूध गॅस बंद करायच्या वेळी घालायचं. खळखळ उकळलं की ते फुटतं, पाणी आणि तेल वेगळं दिसायला लागतं. नारळात स्निग्ध भरपूर, पण प्रथिनं फार थोडी. तेव्हा वजनासाठी चांगलं, पण एकट्या नारळावर भागत नाही. त्यात मूठभर शिजवलेली मुगाची डाळ घोटून घालावी.

ओट्स तर वेगळे दूध काढायचीही गरज नाही. घरी ओट्सचं दूध काढलं की तापवल्यावर ते बुळबुळीत होतं म्हणून लोक तक्रार करतात. चहात तो दोष, सारात तोच गुण. दोन चमचे ओट्स पालकाबरोबर शिजवून घोटले की साय घातल्यासारखं दिसतं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. दूध बंद झालं की कॅल्शियमही जातं, आणि आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ मिळतं तेही मुख्यतः दुधा-ताकातूनच. घरी वाटलेल्या दाण्याच्या किंवा काजूच्या दुधात ते आपोआप येत नाही. कॅल्शियमसाठी मी नाचणीचं सत्त्व धरलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भिजवलेली नाचणी वाटून, गाळून, ते पांढरं दूध भाजीच्या सारात घालून ढवळत शिजवायचं. तिळाची पूड वरून भुरभुरायची. बी-१२ डॉक्टरांना विचारून गोळीनं दिलं. आणि ज्यांना दुधाची खरी ॲलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात, धाप लागते, त्यांचं प्रकरण वेगळं. तिथे साखरेचा नव्हे, दुधातल्या प्रथिनांचा प्रश्न असतो, तूप-ताकसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नये. शेंगदाण्याची ॲलर्जीही असते. वर्षाच्या आतल्या बाळाला तर यांतलं काहीच दुधाच्या ऐवजी देऊ नये, त्याचं दूध डॉक्टरच ठरवतील.

कुणाला वाटेल, ही सगळी शहरी नवी थेरं. तसं नाही. आपल्याच राज्यातल्या मैसूरला १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं शेंगदाण्याची प्रथिनं काढून ती म्हशीच्या दुधात मिसळून ‘मिल्टोन’ नावाचं दूध तयार केलं होतं. तेव्हा देशात दुधाची टंचाई होती आणि शेंग मात्र मुबलक होती. ज्या मातीत शेंग पिकते, त्या मातीतल्या माणसाला हे सुचणारच.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी थोडं ताक सुरू करायला सांगितलं. दही-ताकात विरजणातल्या जंतूंनी दुधातली बरीचशी साखर आधीच खाल्लेली असते, म्हणून ते लवकर सोसतं. मग पाव कप दूध, तेही जेवणाबरोबर. दिवाळीला अत्तींचं वजन त्रेचाळीस किलो भरलं. हाताला बांगड्या पुन्हा मनगटाशी थांबायला लागल्या. आता त्या रात्री अर्धा कप दूध पितात, त्याहून जास्त मागत नाहीत.

संध्याकाळी मात्र सारच. दाणे त्या स्वतः निवडतात, सुपात घेऊन, चष्मा नाकावर ओढून. मी वाटून आणलं की आधी बोट बुडवून बघतात. परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या नातवालाही दूध सोसत नाही. अत्तींनी त्यांना सगळी कृती कानडीतून समजावली, मग त्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा मराठीतून, आणि चमचाभर चाखून बघत माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘छलो आग्येद. पण पाणी जास्त.’